फाइव्ह अँड टेनच्या चौकातून

मिसिसागा, कॅनडा

प्रिय सुमे,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी रस्त्यात उभी होते, म्हणून धड बोलता आलं नाही. आमच्या हुरॉन्टारिओ-डंडासच्या चौकात लाइट रेलचं स्टेशन बांधतायत, तेच बघत होते. जुनी माणसं या चौकाला अजून 'फाइव्ह अँड टेन' म्हणतात. पाच आणि दहा नंबरचे हायवे पूर्वी इथेच भेटायचे.

लाइन १८ किलोमीटरची, स्टेशनं १९. सरोवराकाठच्या पोर्ट क्रेडिटपासून शेजारच्या ब्रॅम्प्टन गावाच्या वेशीपर्यंत. रूळ बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या मधोमध, मोटारींपासून वेगळे, त्यामुळे कोंडीत अडकणं नाही. मध्ये क्यूईडब्ल्यू हायवे आडवा येतो. त्याच्या कडेला बोगद्यासाठी काँक्रीटची भलीमोठी पेटी ओतली आणि वरची वाहतूक चालू ठेवून ती खालून सरकवत नेली!

२०२४ मध्ये गाडी सुरू व्हायची होती. आम्ही अजून वाट बघतोय.

फलाट मात्र डोळे भरून पाहिला. गुडघ्याएवढाही उंच नाही. गाडीचा तळ त्याच्याच पातळीला, म्हणजे चढायला पायरीच नाही. कडेला बारीक उंचवट्यांची पिवळी फरशी बसवत होते, अंधांच्या पायाला कडा कळावी म्हणून. एक कामगार रबरी हातोडीनं फरशी ठोकायचा आणि दर वेळी तिच्यावरून तळहात फिरवून बघायचा. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं.

लाइनला हेझल मॅकॅलियन यांचं नाव दिलंय. १९७८ ते २०१४ या गावाच्या महापौर, सलग ३६ वर्षं! २०२२ मध्ये त्यांच्या १०१व्या वाढदिवशी नाव जाहीर झालं. गाडी बघायला मात्र त्या राहिल्या नाहीत.

एकाच गोष्टीचा राग येतो. २०१५ साली ब्रॅम्प्टनच्या नगरसेवकांनी लाइन मेन स्ट्रीटनं गावात न्यायला नकार दिला. माझी मैत्रीण तिथेच राहते. तिच्या घरापर्यंत गाडी गेली असती गं.

इथे मोटार चालवता येत नसेल तर माणूस घरात कोंडला जातो. डॉक्टरकडे जायचं तरी मुलाच्या सुट्टीकडे डोळे. गेल्या जानेवारीत बसचा थांबा पलीकडे हलवला होता, बर्फातून तिथवर जाताना मला रडू आलं.

गाडी सुरू झाली की पहिल्याच दिवशी एकटी पोर्ट क्रेडिटला जाणार. पाण्यापाशी बसून तुला फोन करीन. तुझ्याकडे रात्र असेल, तरी उचल.

तुझी,
शालू