वर्दी

अण्णांना जाऊन वर्ष होत आलं. निवृत्तीनंतरही रात्री फोन वाजला की आधी पाय चपलेत, मग हात फोनकडे. पलीकडे बहुतेक आत्या असायची.

*

ते ‘कॉल’ म्हणत नसत, ‘वर्दी’ म्हणत. औरंगाबादला पदमपुऱ्याच्या अग्निशमन केंद्रात बरीच वर्षं काढली. फायरमन म्हणजे आग, असं आपल्याला वाटतं. त्यांच्या बोलण्यात विहिरीच जास्त. पडलेली म्हैस, कधी माणूस. विहिरीच्या वर्दीवरून आले की जेवत नसत. आई ताट झाकून ठेवायची, विचारायची नाही.

*

26 एप्रिल 1993. इथून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकलं आणि पुढे कोसळलं. 118 पैकी 55 जण गेले. हे मला वर्तमानपत्रातून कळलं. अण्णांकडून फक्त कापसाचं कळलं: गाठ वरून विझते, आत धुमसत राहते. फोडायची, पिंजायची, मग पाणी मारायचं. त्या दिवसाबद्दल ते एवढंच बोलले.

*

14 एप्रिल म्हणजे दुहेरी ड्युटी. 1944 साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीवर स्फोट झाले, अग्निशमन दलाचे 66 जण गेले. सकाळी त्यांना मानवंदना; संध्याकाळी बाबासाहेबांच्या जयंतीसाठी भडकल गेटला बंब घेऊन उभं राहायचं. निळा गुलाल लागलेला गणवेश आई दोनदा धुवायची.

*

दिवाळीत आम्हाला फक्त फुलबाज्या, त्याही शेजारी बादली ठेवून. फार राग यायचा. 29 ऑक्टोबर 2016 ला औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेच्या मैदानावरचा फटाका बाजार पेटला, शंभरावर दुकानं गेली. अण्णा तोवर निवृत्त. गच्चीवर उभं राहून बोटांवर मोजत होते: कुठल्या केंद्राची गाडी, कुठल्या रस्त्यानं, किती मिनिटं. चहा तसाच गार झाला.

*

गुलमंडीत आई साडी बघायची, अण्णा बोळ बघायचे. “इथं बंब वळायचा नाही.” “अहो, आधी काठ बघा!” काठ त्यांनी कधीच नीट बघितले नाहीत. गल्लीत आडवी लावलेली स्कूटर मात्र स्वतः उचलून बाजूला ठेवत, मालकाशी भांडून.

*

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रात्री दोन कार उभ्या असतात. त्यातली एक माझी.