दीड सुताची सळई

सळई ही वस्तू कुणी कौतुकाने हातात घेऊन पाहिल्याचे मला आठवत नाही. खिडकीला ती असते ती चोरासाठी, छत्रीला असते ती पावसासाठी, आणि स्लॅबमध्ये एकदा घातली की पुन्हा कुणाच्या दृष्टीलाच पडत नाही. माझे उभे आयुष्य पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेले. तिथे हजारो सळया मी तोडल्या, कातल्या, त्यांना आटे पाडले. पण त्यांतली एखादी गाण्याच्या कामी येऊ शकते, हे सत्तरी ओलांडून टेक्सासात मुलाकडे राहायला येईपर्यंत माझ्या गावीही नव्हते.

या मुलखात पेडल स्टील गिटार नावाचे एक वाद्य आहे. आमच्या पिढीला तिची थोरली बहीण, म्हणजे हवायन गिटार, चांगली ओळखीची. रेडिओवर व्हॅन शिप्ले यांनी वाजवलेली सिनेमातली गाणी लागली की घरातली माणसे हातातले काम थांबवीत. गिटार आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवायची, ही तऱ्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांतल्या जोसेफ केकुकूने रूढ केली असे मानतात. तिच्यात मींड काय सुरेख येते! पण अडचण अशी, की कांडी सरकली की साऱ्या तारांचे स्वर एकदम सरकतात. एकीने वर जावे आणि शेजारणीने जागचे हलू नये, हे साधायला कांडी तिरपी धरावी लागते, आणि तेही थोडेफारच साधते.

ते काम पुढे पायांकडे आले. कॅलिफोर्नियात पॉल बिग्स्बी नावाचा कारागीर होता. त्याचा हात मुरलेला होता मोटारसायकलींच्या कामात. त्याने १९४८ साली स्पीडी वेस्ट या वादकासाठी पेडलांची गिटार बांधून दिली. (वाद्य सुताराचे नसून यंत्रशाळेतल्या माणसाचे, हे वाचून मला जो आनंद झाला तो घरात कुणाला कळला नाही.) मग १९५४ साली वेब पीअर्सचे ‘स्लोली’ हे गाणे गाजले. त्यात बड आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पेडल दाबले आणि ऐकणाऱ्यांचे कान टवकारले. तेव्हापासून ही गिटार म्हणजे पेडल असे समीकरण होऊन बसले.

आपल्या भाषेत सांगायचे तर असे : तारा सा-ग-प अशा वाजत आहेत. पहिल्या पेडलने ‘प’ची तार ताणून ‘ध’ होते, दुसऱ्याने ‘ग’ची ‘म’ होते. दोन्ही एकदम दाबा, ‘सा’ जागीच उभा आणि भोवती म आणि ध! डावा पाय या पेडलांवर, उजवा आवाज कमीजास्त करणाऱ्या पेडलवर, गुडघ्यांना वेगळ्या लिव्हर, आणि हात आहेतच कामाला. शिलाईयंत्र आणि बाजाची पेटी एकदम चालवणारा माणूस डोळ्यांपुढे आणा.

पेडल आणि गिटार यांच्यामध्ये असते ती माझी सळई. पेडले खाली, पुढच्या दोन पायांना जोडलेल्या पट्टीवर बसवलेली असतात. तिथून प्रत्येकी एक उभी सळई वर जाते आणि गिटारच्या पोटाखालचा आडवा दांडा फिरवते. दांडा दुसऱ्या बारीक सळया ओढतो, त्या तारेच्या बुडाशी असलेले धातूचे बोट हलवतात, आणि तार ताणली जाते. स्वर कुठे थांबायचा ते पोटातल्या त्या बारीक सळयांच्या टोकाचे नायलॉनचे नट ठरवतात. उभी सळई ठरवते ती पेडलची उंची. ती नको इतकी आखूड झाली की पाय न लावताच तार चढू लागते.

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी शेजारीण तीन जुन्या सळया घेऊन आली ती याच कामासाठी. गिटार तिच्या वडिलांची. ते गेल्याला वर्ष झाले होते. बाई वडिलांपेक्षा उंच. तिचे गुडघे गिटारच्या बुडाला लागत. तिने दोन इंच जास्त लांबीचे पाय बसवून घेतले आणि पेडले दोन इंच खाली गेली. आता सळयाही दोन इंच लांब हव्यात. जुन्यांनाच तुकडा जोडता आला असता. बाजारात तयार सळयाही मिळतात. पण या गिटारचा वरचा आकडा वडिलांनी स्वतः वळवलेला होता. शिवाय जुन्या सळयांना करवत लागू नये, हे तिने दोनदा सांगितले.

मी व्हर्निअर लावला. जाडी ३/१६ इंच, म्हणजे आमच्या भाषेत दीड सूत. आटे इंचाला ३२. लांबी साडेअठरा इंच, पण दोघींचीच. पहिली पूर्ण एक सूत लांब. आकडे इतके सफाईने वळवलेले होते की हे नजरचुकीने झाले असेल असे मानायला माझे मन तयार होईना. तिला विचारले. वडिलांचा डावा घोटा तरुणपणी मोडला होता, म्हणाली. पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडे. पहिले पेडल सूतभर खाली ठेवले की दोन्ही पेडले त्यांच्या पावलाखाली एकदम येत.

स्टेनलेसचे काम चेंगट. डाय जागच्या जागी घासत राहिली की धातू कडक होतो आणि मग कुणाचे ऐकत नाही. तेल सढळ हाताने, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटतो. आकडा आधी वळवायचा, मग आकड्याच्या आतून माप घ्यायचे, मग तोडायचे. कारण वळणात किती लांबी जाईल ते वळवल्याशिवाय कळत नाही. तोडलेल्या टोकाला कानशीने उतार दिला नाही, तर आटे तिरपे पडलेच म्हणून समजा.

प्रश्न राहिला त्या एका सुताचा. बाईचा घोटा धडधाकट होता. नियमाने तिन्ही सळया सारख्याच हव्यात. पण लहानपणापासून ती याच पेडलांवर शिकलेली. “कशी ठेवू?” असे मी विचारले तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. शेवटी मी तिन्हींचे आटे लांब पाडले आणि तिच्या घरी जाऊन सळया चढवल्या. इंचाला ३२ आटे, म्हणजे एक फेरा पाव सूत. आधी सगळ्या सारख्या करून दिल्या. तिने थोडे वाजवले, मान हलवली. चार फेरे सोडून वडिलांचे माप दिले. मींड आली, पण दुसरे पेडल एकटे दाबताना तिचे पाऊल अडखळू लागले. मग खाली वाकून पाना तिने स्वतः हातात घेतला. एक फेरा घट्ट, वाजवणे, आणखी एक फेरा, पुन्हा वाजवणे. दोन फेऱ्यांवर, म्हणजे अर्ध्या सुतावर, ती थांबली आणि लॉकनट आवळून टाकला.

मग तासभर ती वाजवत होती. मी आणि तिचा कुत्रा ऐकत होतो. मजुरीचे पैसे मी घेतले नाहीत, तेव्हा तिने पीकॅनचा पाय बेक करून पाठवला. तो आमच्या घरी एका दिवसात संपला. सळईचा एक जादा तुकडा अजून माझ्याकडे आहे. तिसऱ्या पेडलची सळई जरा आखूड वाटते असे ती परवा म्हणत होती. रविवारी जाऊन पाहायचे आहे.