थोरला फौजेत गेला

फेब्रुवारी २०२३मध्ये आई माझ्या धाकट्या बहिणीला घेऊन सांगलीहून पुण्याला गेली, बीटीएसची कॉन्सर्ट फिल्म बघायला. बाबा म्हणाले, "मेकअप केलेल्या पोरांसाठी एवढा प्रवास?"

पडद्यावर ऑक्टोबर २०२२चा बुसानचा कार्यक्रम. आईला एक शब्द कळत नव्हता. बहीण मात्र रडायला लागली. सातांतला थोरला, जिन, डिसेंबरात सैन्यात गेला होता; कोरियात ते सक्तीचं असतं.

आईचं माहेर साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी. तिथं जवळपास घरटी कुणीतरी फौजेत. मामा गेला तेव्हाचं आई कधीच बोलत नाही.

बहिणीने फोनवर सांगितलं, आई तिला "गप्प बस" म्हणाली नाही. हात धरून एवढंच विचारलं, "त्यांना सुट्टी मिळते का गं?"