'अंधाराच्या पारंब्या' : मागच्या खोलीतून

जयवंत दळवींची 'अंधाराच्या पारंब्या' ही कादंबरी आमच्या घरात तीनदा आली आणि त्यांतून दोनदा अर्धवट वाचून परत गेली. आमच्या घरात म्हणजे आम्हां दोघी बहिणींच्या. साहित्य दोघीही शिकवतो आणि बहुतेक पुस्तके दोघी मिळून वाचतो, म्हणून हा लेखही 'आम्ही'चाच आहे. मात्र या एका पुस्तकाबाबत आमचे मत एक झाले नाही, आणि जिथे एक झाले तिथेही ते सरळ नाही.

पहिल्यांदा पुस्तक आले १९९२ साली, भाईंदर पश्चिमेच्या एका पोटमाळ्यावरच्या वाचनालयातून. तेव्हा इथे महापालिका नव्हती, नगरपालिका होऊन जेमतेम सात वर्षे झाली होती, आणि स्टेशनातून खाडीच्या बाजूला निघाले की मिठागरे लागत. वाचनालयाच्या मालकांनी दळवींना 'सामाजिक' कप्प्यात ठेवले होते. शेजारच्या कप्प्यात नारायण धारप होते, आणि आमचा हात नेहमी तिकडेच जाई. धारपांच्या भीतीची एक सोय असते. ती बाहेरून येते. दार लावले, 'समर्थ' धावून आले, की ती परतवता येते. दळवींच्या कादंबरीतली भीती घरातच जन्मलेली असते आणि तिला घराण्याचे आडनाव असते. म्हणून आम्ही या पुस्तकाला सामाजिक कादंबरी न म्हणता मनाच्या तळातली थरारकथा म्हणतो. इथे गुन्हेगार शोधायचा नसतो. विलायतेहून शिकून आलेल्या एका सुसंस्कृत बॅरिस्टरला ठाऊक आहे की आपल्या घराण्यात वेड आहे, आणि ते आज ना उद्या आपल्यापर्यंत पोचेल या धास्तीत तो जगतो आहे. वाचकही त्याच्याबरोबर तीच वाट पाहत राहतो.

शीर्षकातच कादंबरीची सारी यंत्रणा आहे. वडाची पारंबी वरून खाली येते, जमिनीला टेकते, रुजते आणि कालांतराने तिचेच खोड होते. मग मूळ झाड कोणते आणि पारंबी कोणती हे सांगता येत नाही. वंशपरंपरेसाठी याहून नेमकी प्रतिमा आम्हांला मराठीत आठवत नाही. इब्सेनने 'घोस्ट्स'मध्ये (१८८१) बापाचा रोग मुलाच्या रक्तात उतरवला, तेव्हा त्याला भुते आठवली; दळवींना अंगणातले झाड पुरले.

थोरलीने ही कादंबरी दोन रात्रींत संपवली. धाकटीने तिसाव्या पानाच्या आसपास मिटली आणि म्हणाली, "हे पुस्तक घरात नको."

कारण आमच्या घरात मागची खोली होती. त्या खोलीत आमचे धाकटे काका राहत. ते विसाव्या वर्षी आजारी पडले. घरात त्या आजाराला नाव नव्हते. 'त्याचं जरा तसं आहे' एवढेच म्हटले जाई. गल्लीतली माणसे इतकी सभ्य नव्हती. 'ठाण्याला नेऊन टाका' हा वाक्प्रचार आम्ही दारात उभे राहून ऐकला आहे. ठाण्याला मनोरुग्णालय आहे, ते विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचे. त्यामुळे मुंबईकरांच्या तोंडी त्या शहराच्या नावाला हा दुसरा अर्थ चिकटला. आम्ही राहतो ते गाव ठाणे जिल्ह्यातलेच. पत्रावर पत्ता लिहिताना शेवटी 'जि. ठाणे' लिहायला आम्ही लहानपणी का कचरत होतो, हे आईला कधी कळले नाही.

आईने 'बॅरिस्टर' पाहिले होते. दळवींनी याच कादंबरीवरून केलेले हे नाटक १९७७ साली रंगभूमीवर आले, विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली, आणि बॅरिस्टरच्या भूमिकेत विक्रम गोखले होते. त्या भूमिकेबद्दल मराठी माणूस अजून बोलतो. आई घरी आली ती काही बोलली नाही म्हणे. पुढे आमच्या हाती पुस्तक पाहून एवढेच म्हणाली, "नाटक चांगलं होतं गं. पण परत येताना गाडीत मला तुम्ही दोघीच दिसत होतात."

आमच्या संमिश्र मताचे मूळ या वाक्यात आहे, हे आम्ही आधीच कबूल करून टाकतो. निर्विकार समीक्षकाची भूमिका आम्हांला इथे जमणार नाही.

आधी कादंबरीचे देणे देऊ. दळवींनी वेडाच्या भयाशेजारी दुसरे एक भय ठेवले आहे, आणि आमच्या मते ते पहिल्याहून मोठे आहे. बॅरिस्टरच्या घरात केशवपन झालेली मावशी आहे, आणि भाडेकरू म्हणून आलेले राधा आणि भाऊराव हे तरुण जोडपे आहे. भाऊराव जातो आणि राधेच्या केसांचा प्रश्न उभा राहतो. काळ असा, की विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झालेला, धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह करून दाखवलेला. तरीही कायदा आणि उदाहरण उंबऱ्याबाहेर थांबतात आणि वस्तरा घरात येतो. तो आणणारी माणसे वेडी नसतात. ती शहाणी, देवभोळी, कुटुंबाचे भले चिंतणारी असतात. कोणत्या वेडाला दार बंद करून ठेवायचे आणि कोणत्या वेडाला पाटावर बसवायचे, हे ठरवण्याची रीत कादंबरी एकही भाष्य न करता उघडी पाडते. वर्गात शिकवताना आम्ही दोघीही या भागापाशी रेंगाळतो, आणि दरवेळी मुली आपोआप वेणीला हात लावतात.

आता आमची तक्रार. या कादंबरीत वेडाची भीती आहे, वेड्या माणसाची ओळख नाही. बॅरिस्टरच्या आधी घराण्यात जे कुणी वेडे झाले, ते कथेत येतात ते शकुनासारखे; त्यांचे काम एवढेच की बॅरिस्टरचे पुढचे दिवस आपल्याला दिसावेत. वाचक त्यांच्याकडे बघतो तेव्हा त्यांना बघत नाही, त्यांच्यातून आरपार बॅरिस्टरकडे बघतो. रहस्य टिकवायचे तर असेच करावे लागते, हे आम्ही जाणतो. शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'मध्येही (१८४७) माळ्यावरची बर्था हसते, किंचाळते, आग लावते, आणि स्वतःचे असे काही बोलत नाही. तिला बोलायला जीन रीसची 'वाइड सारगासो सी' यावी लागली, ती १९६६ साली. बॅरिस्टरच्या घराण्यातल्या त्या माणसांसाठी अशी कादंबरी मराठीत कुणी लिहिलेली आमच्या वाचनात नाही.

दुसरी तक्रार नियतीबद्दलची. कादंबरीचा ताण टिकतो तो रक्तातले वेड चुकत नाही या गृहीतावर. आम्ही तेच खरे मानून वीस वर्षे काढली. पुढे एका मनोविकारतज्ज्ञाने आम्हांला शांतपणे आकडे सांगितले. काकांना जो आजार होता, स्किझोफ्रेनिया, तो सर्वसाधारणपणे शंभरांत एकाला होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर मुलाबाबत शंभरांत सुमारे दहा. काका-पुतणीच्या नात्यात तीन-चार. म्हणजे पारंबी असते, पण बहुतेकदा ती जमिनीला टेकत नाही. हे १९७७च्या प्रेक्षकाला कुणी सांगायला हवे होते, असे दळवींना म्हणणे अन्याय्य आहे. आम्ही प्रथम कादंबरी वाचली त्या वर्षी देशात वेड्यांसाठी १९१२चाच कायदा चालू होता. १९८७ साली झालेला नवा कायदा अमलात आला तो १९९३मध्ये. लेखक आपल्या काळापुढे किती जाणार? तरीही आईला त्या गाडीत जे दिसले त्याचा हिशेब कुणाकडे तरी मागावासा वाटतो.

थोरलीचे म्हणणे असे की ही तक्रार चुकीच्या दारात आहे. बॅरिस्टरला वेडापेक्षा वेडाच्या वाटेनेच अधिक पोखरले, आणि कादंबरी नेमके तेच दाखवते. नियती खरी आहे असे ती कुठे म्हणते? धाकटीचे उत्तर: "मग शेवट तसा का?" शेवट आम्ही सांगणार नाही. ज्यांनी वाचलेली नाही त्यांचा हक्क आम्ही हिरावून घेणार नाही.

दळवींनाही हे कुठेतरी सलत असावे, असे आम्हांला त्यांच्या नंतरच्या 'नातीगोती' नाटकावरून वाटते. तिथे मतिमंद मुलगा दाराआड राहत नाही, रंगमंचावर सगळ्यांदेखत वावरतो, आणि त्याचे आईबाप त्याच्यासकट जगण्याची धडपड करतात. मतिमंदत्व आणि वेड या वेगळ्या गोष्टी आहेत. पण दार उघडणारा हात तोच आहे.

आमच्या मागच्या खोलीचे दार एरवी उघडेच असे, एक दिवस सोडून. थोरलीला बघायला पाहुणे यायचे ठरले त्या रविवारी काकांना खाडीपलीकडे वसईला आत्याकडे पोचवले. ते आजोबांनी ठरवले, वडिलांनी पोचवले, आणि आम्ही दोघींनी त्यांची पिशवी भरली. सोमवारी ते परत आले. पुलावरून गाडी येताना कोणती गाडी ते आवाजावरून ओळखत, ती त्यांनी आम्हांला सांगितली, आणि मग विचारले, "पाहुणे नीट जेवले का?" लग्न तिथे जमले नाही. पुढे दुसरीकडे जमले, सगळे सांगून.

गेल्या वर्षी पुस्तक तिसऱ्यांदा घरात आले. अभ्यासक्रमासाठी आणले होते, म्हणून धाकटीनेही शेवटी पुरे वाचले, दिवसाउजेडी, स्वयंपाकघरात बसून. वर्गात भीतीची रचना, काळ, केशवपन असे सारे झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, त्या घरातली ती आधी वेडी झालेली माणसं दिवसभर काय करत असतील?"

पुस्तकात याचे उत्तर नव्हते. धाकटीने पुस्तक मिटले आणि तिला सांगितले की आमचे काका जुन्या वर्तमानपत्रांच्या पुड्या करत, किराणावाल्याला लागतात तशा, तीन मापांच्या. आणि शनिवारी त्या दोरीने बांधून स्वतः दुकानात नेऊन देत, मोजून.