ठणठणीत

लोखंड म्हटले की कठीणपणा डोळ्यांसमोर उभा राहतो. अवघड कामाला आपण 'लोखंडाचे चणे खाणे' म्हणतो आणि न डगमगणाऱ्या माणसाला 'पोलादी' हे विशेषण लावतो. परंतु हवा आणि पाणी या दोन मऊ गोष्टी मिळून याच लोखंडाला सावकाश खाऊन टाकतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या आम्हां लोकांना हे कोणी शिकवावे लागत नाही. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णाकाठच्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. येथे जमिनीच्या पोटातील पाणी खारट आहे. दाराची कडी असो, बिजागरी असो की नांगराचा फाळ असो, त्यावर येथे तांबूस पूट चढायला फार दिवस लागत नाहीत.

शेगावहून उत्तरेस पूर्णेकडे जाताना आमचे गाव लागते. गावाबाहेर एका विहिरीजवळ, कडुनिंबाच्या सावलीत, एका जुन्या लष्करी मालमोटारीची केबिन कित्येक वर्षे पडून होती. केबिन म्हणजे चालकाची बसायची जागा. मोटारीचा सांगाडा मालकाच्या गोठ्यात विटांवर टेकवून ठेवलेला आणि ही केबिन मात्र उघड्यावर, थेट खाऱ्या मातीवर! तिच्यात कोंबड्या अंडी घालीत आणि शाळेला सुट्टी असली की मुले तिच्या चाकाला हात घालून मुंबई-कलकत्त्याचा प्रवास करून येत.

ती मोटार आमच्याकडे आली कशी, ही कथा मोठी आहे. दुसऱ्या महायुद्धात कॅनडा देशाने आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने तयार केली. फोर्ड आणि शेवरोले या नावांच्या त्या मोटारी ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्याबरोबर जगभर गेल्या. जहाजात जागा कमी लागावी म्हणून त्यांचे नाक आखूड ठेवलेले असे. एंजिनाचा बराचसा भाग त्यामुळे केबिनमध्येच, चालकाच्या डाव्या हाताला येई. वऱ्हाडातल्या वैशाखात त्या खोलीत बसणे म्हणजे चुलीशेजारी बसण्यासारखेच होते. १९४५ साली युद्ध संपले. हिंदुस्थानात उरलेल्या पुष्कळ लष्करी मोटारी विकल्या गेल्या आणि तोफा-दारूगोळा वाहणारी ती वाहने पुढे धान्य, लाकूड व कापूस वाहू लागली. आमच्या गावच्या मोटारीने खामगावच्या बाजारात कापूस नेला. खामगाव ही कापसाची जुनी पेठ. केवळ तिच्यासाठी १८७० साली जलंबपासून आगगाडीचा फाटा काढण्यात आला होता.

परंतु गावाला ती मोटार आठवते ती कापसामुळे नव्हे. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. तेव्हा मी तुमच्याच वयाचा होतो. विहिरी आटल्या, ज्यांत थोडे पाणी होते, ते तोंडात धरवत नसे. सरकारने दुष्काळी कामे काढली. बायामाणसे उन्हात खडी फोडीत, मुलांना सुकडी मिळे आणि घराघरांत परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी भाजल्या जात. त्या दिवसांत ही मोटार दुरून गोड पाण्याची पिंपे भरून आणी. तिचा घरघराट ऐकू आला की गावातील घागरी रस्त्यावर येत. चालवणारा मोटारीचा मालकच होता. पिंपे रिकामी झाल्यावर तो स्वतःची घागर शेवटी भरी.

तो गृहस्थ आता हयात नाही. गेल्या वर्षी त्याच्या नातवाने गोठ्यातील एंजिन खटपटीने सुरू केले. पण केबिनवाचून मोटार म्हणजे शिरावाचून धड. केबिनची अवस्था पाहून त्यानेही हात टेकले. एका भंगारवाल्याने तिचा भाव ठरवून विसारही दिला होता. तेव्हा त्याच्या आजी काठी टेकीत विहिरीपर्यंत आल्या. केबिनभोवती एक फेरी घालून त्यांनी पदराच्या गाठीतून तेवढेच पैसे काढले आणि नातवाच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "त्याचा विसार परत दे बाबू. आधी मिस्त्रीले तर दाखव."

मिस्त्री आले ते केवळ एक लहान हातोडी आणि खडू घेऊन. माझी सेवानिवृत्ती झालेली असल्याने मीही रोज तेथे जाऊन बसू लागलो. मिस्त्री केबिनच्या पत्र्यावर वीत-वीत अंतरावर हलकेच हातोडी मारीत आणि कान देत. कोठे 'ठण्' असा स्वच्छ नाद निघे, तर कोठे 'भद्' असा बसका आवाज येई. नाद आला की ते तेथे खडूने फुली करीत. मी विचारले, "मिस्त्री, खराब जागेवर खूण करायची सोडून तुम्ही चांगल्या जागेवर का करता?"

ते हसून म्हणाले, "गुरुजी, खराब त दिसतेच. चांगलं किती उरलं, थे पाहा लागते. त्यालेच त नवा पत्रा जोडाचा हाय!"

शाळेत आम्ही लाल शाईने चुका दाखवतो. येथे पांढऱ्या खडूने बरोबर काय ते दाखवले जात होते. संध्याकाळपर्यंत टप, मागची भिंत आणि उजवे दार फुल्यांनी भरून गेले. तळ आणि मातीला टेकलेली खालची कड मात्र कोरीच राहिली. आजवर निरोगी माणसाला मी सहज 'ठणठणीत' म्हणत आलो होतो. त्या शब्दात केवढा नाद आहे, हे मला त्या दिवशी समजले.

मग खरवडणे सुरू झाले. तारेचा ब्रश आणि पटाशी चालू लागली, तसे रंगाचे थर एकेक करून निघू लागले. वर निळा, त्याखाली विटकरी आणि सर्वांत खाली लष्कराचा काळपट हिरवा. डाव्या दारावर त्या हिरव्यात पुसट पांढऱ्या आकड्यांचे अवशेष दिसले. भूगर्भातील थरांवरून पृथ्वीचा इतिहास वाचतात, तसा आम्ही त्या मोटारीचा इतिहास वाचीत होतो. समोरच्या चौकटीही पाहण्याजोग्या होत्या. त्यांतील काचा वरच्या बाजूने पुढे झुकलेल्या असत. उन्हाची तिरीप त्यामुळे खाली जमिनीकडे वळे आणि वरून जाणाऱ्या शत्रूच्या विमानाला काचेची चमक सहसा दिसत नसे.

जेथे रंग शाबूत होता, तेथेही काही ठिकाणी फोड आले होते. फोड फोडला की आतून तांबडी भुकटी गळे. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांचा संयोग झाला म्हणजे गंज तयार होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून तो फुगतो, रंगाला उचलतो आणि पापुद्र्यांनी सुटतो. एक पापुद्रा गळला की खालचे ताजे लोखंड उघडे पडते आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. पाण्यात मीठ विरघळलेले असले की ही क्रिया अधिक वेगाने होते. खारपाणपट्ट्यातील मातीने त्या केबिनचा तळ चाळणीसारखा करून टाकला होता, तो असा.

नातवाचे मत असे पडले की, एवढी कापाकापी करण्यापेक्षा सारी केबिनच नव्या पत्र्याची करावी. ती दिसायलाही गुळगुळीत होईल. मिस्त्री म्हणाले, "करून देतो. पण मंग थे माही केबिन होईन, तुह्या आजोबाची नाही." तो मुलगा क्षणभर त्या पुसट आकड्यांकडे पाहत राहिला. मग त्याने स्वतःच पटाशी उचलली.

कुजलेला भाग निर्दयपणे, पण मोजून कापण्यात आला. फुलीच्या खुणेपर्यंत, त्याच्या पलीकडे बोटभरही नाही. प्रत्येक भोकावर पुठ्ठा धरून त्याचा आकार घेतला. त्या आकाराचा नवा पत्रा कातरून, ठोकून, बाक देऊन बसवला. जोड देताना मिस्त्री सलग सांधत नसत. एक टाका येथे, दुसरा वीतभर दूर, तिसरा समोरच्या कडेला, आणि मध्ये पत्रा निवण्यासाठी थांबणे. एकाच जागी उष्णता साठली तर पातळ पत्रा वाकडा होतो. अख्खे तीन आठवडे हे शिवणकाम चालले.

सांधे घासून झाल्यावर साऱ्या पत्र्याला रेड ऑक्साइडचा हात दिला. येथे एक गंमत आहे. त्या लेपातील लाल भुकटीही लोखंडाचीच, गंजाच्या कुळातली. पण तेलात घोटून लावली की तिचे आवरण हवा-पाण्याला अडवते. दिल्लीला मेहरौली येथे सुमारे सोळाशे वर्षांचा एक लोहस्तंभ उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्याने त्यावर एक पातळ चिवट थर धरला आहे आणि तोच त्याचे रक्षण करतो. आपल्या साध्या पत्र्याला असे भाग्य नाही. त्याचे आवरण आपल्याच हातांनी घालावे लागते. त्यावर हिरवा रंग चढला. डाव्या दारावरील आकड्यांचा तेवढा तुकडा मात्र तसाच ठेवून वर नुसता वार्निश दिला.

मृगापूर्वी दहा-बारा जणांनी केबिन उचलून सांगाड्यावर बसवली. निघताना मिस्त्रींनी नातवाला बजावले, "रंग देला म्हंजे काम झालं, असं समजू नको. दरसाल पावसाच्या आधी खाली वाकून पाह्यजो. गंज वरून येत नाही, खालून येते."

आजी पुढे झाल्या. त्यांनी काठीचे टोक दारावर हलकेच आपटले आणि मान कलती करून ऐकले. आत दडलेला तो स्वच्छ नाद आम्हां सर्वांना ऐकू आला. तेव्हापासून गावातील मुले जाता-येता त्या दारावर टिचकी मारतात आणि थांबून कान देतात.