सुरीची धार आत

मी मुंबईतल्या एका हॉटेलात बँक्वेटचा कॅप्टन आहे. रात्री आठचं जेवण असलं की आम्ही चारलाच हॉलमध्ये शिरतो. पाहुण्यांना दिसतं ते मांडलेलं टेबल. आमचा निम्मा वेळ त्याआधी पुसण्यात गेलेला असतो. कढत पाण्यात थोडं व्हिनेगर, हातात स्वच्छ फडकं, आणि काटा-सुरी धरायची ती दांड्यालाच. काट्याचे दात मी उजेडाकडे धरून बघतो. अंड्याचा बलक तिथेच अडकतो आणि त्यातल्या गंधकाने चांदीच्या मुलाम्यावर काळसर डाग पडतात.

मग मांडणी. एका पाहुण्याला साधारण दोन फूट जागा. टेबलाच्या कडेपासून अंगठ्याचं पेर सोडायचं आणि मेन्यू शेवटाकडून वाचत आतून बाहेर यायचं. मुख्य पदार्थाची काटा-सुरी प्लेटला लागून, माशाची तिच्या बाहेर, सूपचा चमचा सगळ्यात उजवीकडे. जेवणारा बाहेरून आत येतो. काटे डावीकडे, सुऱ्या उजवीकडे आणि धार प्लेटच्या बाजूला. शेजाऱ्याकडे धार करून ठेवलेली सुरी मला बघवत नाही. गोडाचा चमचा आणि काटा वरच्या बाजूला आडवे, चमच्याचा दांडा उजवीकडे, काट्याचा डावीकडे. गोड यायच्या आधी ते नुसते खाली सरकवले की बरोबर हाताशी येतात. नवीन मुलांना शिकवताना मी इथे मुद्दाम थांबतो, इतकं ते सुबक आहे.

गोल टेबलावर पावाच्या प्लेटचा घोळ ठरलेला. डावीकडची ती आपली. कुणी उजवीकडची ओढली की शेजाऱ्याची गेली आणि तो अवघडून बसतो. आम्ही जादा प्लेट घेऊन उभेच असतो. काही न बोलता त्याच्यापुढे ठेवतो.

नियम मी काटेकोर पाळतो. पण जेवण दाल-मखनी आणि पुलावाचं असेल तर सुरीच्या जागी मोठा चमचाच हवा, हे मी मॅनेजरशी वाद घालून मान्य करून घेतलंय. हाताने जेवणाऱ्यांसाठी शेवटी फिंगर बोल, कोमट पाणी आणि लिंबाची चकती.

डावखुरा पाहुणा सूप घेतानाच ओळखू येतो. सूपची प्लेट उचलताना मी त्याच्या उरलेल्या काटा-सुरीच्या बाजू बदलून ठेवतो. एकदा एका वयस्कर बाईंच्या ते लक्षात आलं. "या हातावर शाळेत छड्या खाल्ल्यात हो मी," म्हणाल्या, आणि डाव्या हाताने सुरी उचलून मासा काट्यापासून सोडवायला लागल्या.