मानमोडीत गेली

२ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, वसईतल्या आमच्या नंदाखालचं अर्धं गाव कब्रस्तानात असतं. आदल्या दिवशीच थडग्यांवरचं गवत काढून झालेलं असतं, क्रूस धुऊन पुसलेले असतात. वाडीतून टोपल्या भरून फुलं येतात. संध्याकाळी मिस्सा होते, फादर पवित्र पाणी शिंपडत ओळीओळीतून फिरतात, आणि अंधार पडला की शेकडो मेणबत्त्यांच्या उजेडात माणसं आपापल्या माणसांपाशी गुपचूप उभी राहतात. त्या वेळी कुणी मोठ्याने बोलत नाही. मुलंसुद्धा.

मी आजीच्या थडग्यापाशी उभा राहतो. तिच्या आईचं थडगं मात्र कुठे होतं ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे जागा थोडी, जुनी थडगी पुन्हा उघडली जातात, आणि शंभर वर्षांत मातीवर मातीचे किती थर पडतात. लहानपणी मी आजीला विचारायचो, "तुझी आई कशी गेली?" आजी सुकेळीसाठी राजेळी केळी सोलत असायची. हात न थांबवता ती दोन शब्द सांगायची, "मानमोडीत गेली." एवढंच. त्या वेळी आजी दहा वर्षांची होती. आई किती दिवस आजारी होती, घरात आणखी कोण पडलं होतं, पाणी कुणी पाजलं, माती द्यायला कोण कोण आलं, यातलं काहीच तिने सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही. एका बाईचं सगळं आयुष्य दोन शब्दांत मावलं आणि तसंच मातीत गेलं.

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. ताप असा यायचा की मान वर धरवत नसे, म्हणून लोकांनी त्याला हे नाव दिलं. महायुद्धाच्या काळात, १९१८ च्या जूनमध्ये तो मुंबई बंदरात दिसला. गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस आधी आजारी पडले. पहिली लाट सौम्य होती. पावसाळा संपता संपता दुसरी आली, ती जीवघेणी होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. पोटात अन्न नाही आणि अंगात ताप, अशा माणसांना मरण यायला दोन-तीन दिवस पुरत. हिंदुस्थानात किती माणसं गेली याचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत आणि त्याहीपुढे जातात. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. आपल्या जनगणनांच्या इतिहासात असं पुन्हा कधी झालेलं नाही. एवढी मोठी गोष्ट, आणि आमच्या घरात तिचे उरलेले शब्द दोन.

त्याआधीच्या प्लेगचं तसं झालं नाही. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एका रुग्णाच्या काखेतली गाठ पाहिली आणि हा ब्युबॉनिक प्लेग आहे असं स्पष्ट सांगितलं. व्हिएगस मूळचे गोव्याचे. ते बोलले आणि शहर हादरलं. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली. आमच्या विरारहून मुंबईत बॅक बेपर्यंत गाडी १८६७ पासूनच धावत होती. ज्या रुळांवरून वसईची केळी, पानं आणि भाजी मुंबईला जायची, त्याच रुळांवरून आता घाबरलेली माणसं आपापल्या मुलखाला परतू लागली, आणि त्यांच्या बोचक्यांतून प्लेगही निघाला.

सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा केला. घरांच्या झडत्या, आजाऱ्यांना उचलून नेणं, घरच्यांना वेगळ्या छावणीत ठेवणं, सामान जाळणं सुरू झालं. पुण्यात तर हे काम गोऱ्या सोजिरांच्या हाती दिलं. त्यातून उसळलेल्या संतापाची परिणती २२ जूनच्या रात्री चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळीत झाली, हे आपल्याला शाळेत शिकवलं जातं. त्याच पुण्यात, त्याच वर्षी, १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून मुलगा डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात आणलं होतं. सरकारच्या भीतीने लोक आजारी माणूस लपवत होते, त्या दिवसांत पासष्ट-सहासष्ट वर्षांच्या एका बाईने परक्याचं पोर छातीशी धरलं. चापेकरांची गोळी आणि सावित्रीबाईंचे हात, दोन्ही एकाच साथीची उत्तरं आहेत. मला दुसरं उत्तर जास्त अवघड वाटतं.

"उंदीर पडायला लागले" हे वाक्य आमच्या आजीच्या पिढीला पाठ होतं. उंदीर मरून पडू लागले की गाव घरं सोडायचं, शेतात नाहीतर माळावर झोपड्या बांधून राहायचं. शास्त्रज्ञ तेव्हा हवेत, जमिनीत, गटारांत प्लेग शोधत होते, गटारं कार्बोलिकने धूत होते. उंदरावरच्या पिसवेतून हा रोग माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं, आणि ते मान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. निरक्षर माणसांच्या निरीक्षणात तेव्हा शास्त्राच्या पुढचं एक पाऊल होतं.

आणि त्या साथीने खुणा ठेवल्या. वांद्रे, गिरगाव, माझगाव इथल्या जुन्या ख्रिस्ती वाड्यांत फिरा. वाटेच्या वळणावर, विहिरीशेजारी, घरांच्या अंगणात दगडी क्रूस दिसतील. त्यांतले कितीतरी प्लेगच्या वर्षांतले आहेत. आमच्या घरावरून साथ टळो म्हणून, किंवा टळली म्हणून कृतज्ञतेने, लोकांनी ते उभारले. काहींवर साल कोरलेलं आहे. दगडावर साल कोरलं की नातवाला विचारावंसं वाटतं, "हे काय आहे?" मग कुणीतरी सांगतं. मानमोडीने असा एकही दगड माझ्या पाहण्यात ठेवलेला नाही. प्लेगने हिंदुस्थानात वीस-पंचवीस वर्षांत सुमारे एक कोटी माणसं नेली, मानमोडीने त्याहून अधिक माणसं काही महिन्यांत नेली. पण क्रूस उभारायला हात जागेवर असावे लागतात, थोडी उसंत लागते. मानमोडी इतकी झटपट येऊन गेली की दुःखाला आकार देण्याइतका वेळच तिने दिला नाही. त्यातच युद्ध संपलं, लोकांना पुढे जायचं होतं.

विसरण्याची ही खोड आमच्या मुलखात फार जुनी आहे. वसईच्या किल्ल्यात येणाऱ्या प्रत्येकाला १७३९ साल ठाऊक असतं. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, त्यांचा पुतळाही तिथे आहे. ओस पडलेली चर्चेस, गवतात बुडालेल्या भिंती पाहून सगळे म्हणतात, लढाईने शहर उजाड झालं. पण त्या लढाईच्या चव्वेचाळीस वर्षं आधी, १६९५ मध्ये, जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी वसईत आला होता. त्याने लिहून ठेवलं आहे की शहराचा उत्तरेकडचा निदान तिसरा हिस्सा प्लेगसारख्या साथीने निर्मनुष्य झाला आहे. तोफा तटावर लागण्याआधीच घरं रिकामी होऊ लागली होती. लढाईला नायक असतो, तारीख असते, तह असतो. साथीला यातलं काहीच नसतं, म्हणून इतिहासात तिला ओटीवरसुद्धा जागा मिळत नाही.

२०२० च्या जानेवारीत आमचं गाव आनंदात होतं. नंदाखालात जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते. दोनच महिन्यांनी १८९७ चा तोच जुना कायदा राज्यात लागू झाला, विरार लोकल थांबली, आणि १५७३ पासूनच्या आमच्या पवित्र आत्मा चर्चचं दार बंद झालं. पुण्य शुक्रवारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दादरच्या बाजाराला जायची फुलं वाडीतच कोमेजली, तोडायची तरी कुणासाठी? हायवेवर माणसं डोक्यावर पोरं घेऊन चालत होती. प्लेगमध्ये गाड्यांनी माणसं पळवली होती, या वेळी गाड्या थांबल्या म्हणून माणसं पायी निघाली.

आमच्या आळीच्या तोंडावर बांबू आडवे बांधले गेले. बाहेरच्याने आत यायचं नाही. मी ते बांबू पाहिले आणि मला मरीआईचा गाडा आठवला. पटकी आली की गावोगावी मरीआईचा गाडा सजवून वाजतगाजत शीव ओलांडून पुढच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचे, मग ते गाव तो पुढे ढकलायचं. आपण त्या लोकांना अडाणी म्हणतो. बांबू बांधणाऱ्यांत मीही होतो, आणि माझ्या मनातली इच्छा तीच होती : हे आमच्या शिवेत नको.

जे बदललं ते थोडं नाही. माझ्या दंडावर देवीच्या लशीची खूण आहे. १८०२ च्या जूनमध्ये मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली ती पहिली लस टोचली गेली, आणि देश देवीच्या रोगातून मुक्त व्हायला १९७० चं दशक उजाडावं लागलं. प्लेगची लस हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली, तेव्हा साथ ओळखल्याला साडेतीन महिने झाले होते. मानमोडीच्या वेळी तर तिचं कारण विषाणू आहे हेही ठाऊक नव्हतं. कोरोनाचा विषाणू काही आठवड्यांत ओळखला गेला आणि वर्षाच्या आत लस आली. ज्यांनी हे केलं त्यांच्या ऋणात आपण आहोत.

पण माणूस मरतो तेव्हा काय होतं, ते फारसं बदललं नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझे काका गेले. तीन रात्री आम्ही ऑक्सिजनसाठी फोन करत होतो. त्याच दिवसांत, २३ एप्रिलच्या पहाटे, विरारच्या एका कोविड रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून निदान १३ रुग्ण गेले. ज्या खाटेसाठी घरच्यांनी देवाचे आभार मानले असतील, तीच त्यांची चिता झाली. काका प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले आले. पांढऱ्या पोशाखातल्या चौघांनी त्यांना खाली सोडलं. आमच्याकडे मयताला अख्खं गाव लोटतं, प्रत्येक जण मूठभर माती देतो आणि मगच हात धुतो. त्या दिवशी आम्ही सहा जण दूर उभे होतो. काकूला मी घरीच थांबवलं होतं. ती मला आजही विचारते, "त्यांचा चेहरा पाहिलास का रे?" मी पाहिला नव्हता.

त्याच आठवड्यात फाटकावर रोज दोन वेळा डबा ठेवला जायचा. ठेवणारा हाक मारून निघून जायचा. आमच्या घराला पंधरा दिवस त्या डब्यांनी जगवलं. मदत करणाऱ्यांत नऊवारीतल्या म्हाताऱ्या होत्या, कॉलेजची पोरं होती, दुसऱ्या धर्मांचे शेजारी होते. कुणी औषध आणलं, कुणी खड्डा खणला. बांबू बांधणारं गाव आणि डबा ठेवणारं गाव एकच होतं. साथ माणसाला वाईटही करत नाही आणि चांगलंही करत नाही. आत काय होतं ते ती बाहेर काढते.

सरकारी आकड्यांनुसार महाराष्ट्रात कोरोनाने एक लाख अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक आणि देशात पाच लाख तेहतीस हजारांच्या आसपास माणसं गेली. जागतिक आरोग्य संघटनेचा देशासाठीचा अंदाज २०२० आणि २०२१ मिळून सुमारे ४७ लाखांचा आहे, तो सरकारने मान्य केला नाही. या दोन आकड्यांमधल्या दरीत कितीतरी घरं उभी आहेत. चर्चच्या मृत्युनोंदवहीत नाव, वय आणि तारीख असते. तिथे ऑक्सिजनसाठी केलेले फोन नसतात, डबा नसतो, न दिलेली माती नसते.

आता गावात त्या दिवसांविषयी कुणी बोलत नाही. मास्क कपाटात गेले, बांबू वेलींच्या मांडवाला लागले. काकांच्या नातवाला विचारलं, आजोबा कसे गेले रे? तो म्हणाला, "कोरोनात गेले." दोनच शब्द. माझ्या कानात आजीचा आवाज आला.

त्या रात्री मी एक वही घेतली आणि काकांची ती तीन रात्रींची गोष्ट लिहून काढली : कुणाला फोन केले, कोण धावून आलं, कोण आलं नाही, काकू काय म्हणाली. मग आळीतल्या आणखी चार घरी गेलो. पहिल्या घरी दार उघडणाऱ्या बाई काही न बोलता रडल्या, आणि मग दोन तास बोलत होत्या.

तुमच्या घरातलं कुणी त्या दोन वर्षांत गेलं असेल, तर त्यांच्याविषयी एक पान लिहा. नाव लिहा, त्यांना काय आवडायचं ते लिहा, शेवटी त्यांच्याजवळ कोण होतं आणि कोण असायला हवं होतं ते लिहा. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर त्यांच्या आईवडिलांकडून ऐकलेलं आजच विचारून घ्या. आजीला मी विचारलं नाही, आणि तिच्या आईचं नावसुद्धा मला ठाऊक नाही.